नेमावरची एक सकाळ आणि घरातील चलच्चित्रांचा इतिहास

माळव्यात स्थायिक झालेल्या जुन्या मराठी घरांत दोन ठेवी हमखास सापडतात. पहिली माळ्यावर असते : रुमालात बांधलेले मोडी कागद, एखादी सनद, इनामाच्या वादातील नक्कल, वंशावळीचे पिवळे पडलेले बाड. दुसरी दिवाणखान्यातील कपाटाच्या खालच्या खणात असते : लग्नामुंजींच्या व्हिडिओ कॅसेट, चकचकीत तबकड्या, कशाला जोडावयाच्या हे कोणालाच न आठवणाऱ्या तारा, आणि त्यांच्याखाली दडपलेला एक बंद कॅमेरा. पहिल्या ठेवीविषयी आपल्या मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे. दुसरीकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची आपल्याला अद्याप सवय झालेली नाही.

प्रस्तुत लेखात त्या खालच्या खणातील एका वस्तूचा विचार करावयाचा आहे. ती म्हणजे हार्ड डिस्कवर चित्रण साठवणारा हाय डेफिनिशन कॅमकॉर्डर. २००६ च्या सुमारास हे यंत्र बाजारात आले, चार-पाच वर्षे घरोघरी कौतुकाचा विषय झाले आणि मेमरी कार्ड व मोबाइल फोन यांनी त्याला बाजूला सारले. एवढ्या अल्पायुषी यंत्राचा इतिहास तो काय लिहावयाचा, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे, की घरातील चित्रणाच्या बाबतीत मागील ऐंशी वर्षांत ज्या ज्या तक्रारी होत्या, त्या सर्वांचे निवारण या यंत्राने केले. आणि ते करताना आठवणी जपून ठेवण्याची जी एक साधी घरगुती रीत होती, तीच नकळत मोडली. आमच्या घराला याचा अनुभव नेमावरच्या एका सकाळीमुळे आला, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

इंदूरहून डबलचौकी, चापडा, कन्नौद आणि खातेगाव मागे टाकीत रस्ता नर्मदेच्या उत्तर तीरावर उतरतो, तेथे नेमावर आहे. समोरच्या तीरावर हंडिया. आज नेमावर देवास जिल्ह्यात मोडते. होळकरांच्या राज्यात मात्र ते एका संपूर्ण जिल्ह्याचे नाव होते. काठावर सिद्धनाथाचे परमारकालीन देवालय उभे आहे. त्याचे शिखर भूमिज शैलीचे असून माळव्यातील त्या शैलीच्या उत्तम उदाहरणांत त्याची गणना होते. जवळच्या उंचवट्यावर दुसरे एक देवालय अपुरेच राहिले आहे. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने धारेहून दक्षिणेकडे जाणाऱ्या मार्गाचे टप्पे दिले आहेत. त्यांतील नर्मदाकाठचे ‘नमावुर’ ते हेच, असे मानले जाते. अमरकंटकापासून समुद्रापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. तिचे नाभिस्थान नेमावरला, अशी श्रद्धा आहे आणि ते नाभिकुंड पात्राच्या मध्यभागी असल्याने तेथे नावेनेच जावे लागते. गो. नी. दांडेकरांपासून अलीकडच्या परिक्रमावासीयांपर्यंत कित्येक मराठी माणसे या तीरांवरून पायी गेली. पहिले बाजीराव पेशवे १७४० साली ज्या नदीच्या काठी रावेरखेडी येथे निवर्तले, तीच ही नदी. आपल्या पूर्वजांची माळव्यातील वाट हिला ओलांडूनच आली, आणि म्हणून हिच्याशी आपले नाते केवळ तीर्थयात्रेचे नाही.

२००८ च्या कार्तिकात आमच्या घरातील तीन पिढ्यांची माणसे नेमावरला गेली होती. थोरल्या आत्याबाई तेव्हा चौऱ्यांशी वर्षांच्या होत्या. त्यांना नाभिकुंडाचे दर्शन घडवावे एवढाच हेतू. पुतण्याने नुकताच ६० गिगाबाइट हार्ड डिस्कचा कॅमेरा घेतला होता. नाव किनाऱ्यापासून सुटली आणि आत्याबाई आपण होऊन बोलू लागल्या. त्यांचे आजोबा होळकरांच्या नेमावर जिल्ह्यात कारकून म्हणून कसे आले, हरद्यापर्यंत आगगाडीने, तेथून बैलगाडीने हंडियाला, आणि हंडियाहून नावेने अलीकडे. मुंबईहून जबलपूरकडे जाणारी रेल्वे १८७० साली पूर्ण झाली होती व हरदा त्याच मार्गावर असल्याने हा प्रवास अगदी स्वाभाविक होता. मध्यप्रवाहात नाव कलंडली आणि एक लाकडी पेटी पाण्यात गेली. त्या पेटीत देव होते आणि घराण्याचे कागद होते. नावाड्याने बुडी मारली. ही सारी हकीकत पुतण्याने न थांबता चित्रित केली. मध्येच आत्याबाईंनी त्याला दरडावलेही, “अरे, ते यंत्र खाली ठेव आणि ऐक.” त्याने ते खाली ठेवले नाही, याबद्दल तेव्हा सर्वांनी त्याचे कौतुक केले.

या प्रसंगाकडे पुन्हा येऊ. तत्पूर्वी तो कॅमेरा पुतण्याच्या हाती येईपर्यंतची वाटचाल पाहणे आवश्यक आहे.

माळव्याचा छायाचित्रणाशी संबंध जुना आहे. लाला दीनदयाळ हे इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस असताना १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले आणि तुकोजीराव होळकर दुसरे यांचा आश्रय त्यांना लाभला. पुढे मध्य हिंदुस्थानातील स्मारकांची त्यांनी टिपलेली चित्रे १८८६ साली लेपेल ग्रिफिन यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. हलत्या चित्रांच्या बाबतीतही मराठी माणूस आरंभापासून होता. सावेदादा भाटवडेकर यांनी लंडनहून कॅमेरा मागवून १८९९ साली मुंबईत एका कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ साली रँग्लर परांजपे यांच्या स्वदेशागमनाचे. दादासाहेब फाळके यांनी तर १९१२ साली घरातच कुंडीत वाटाणा पेरून, अंकुराची वाढ दिवसेंदिवस टिपत, एक छोटे चलच्चित्र तयार केले. मराठी घरात, घरातल्याच वस्तूचे केलेले चित्रण म्हणून त्या वाटाण्याला आम्ही या परंपरेचे बीज मानतो.

तथापि हे सारे कॅमेरे व्यावसायिकांचे होते. सामान्य गृहस्थासाठी चित्रणाची सोय प्रथम परदेशात झाली. १९२२ साली फ्रान्समधील पाथे कंपनीने साडेनऊ मिलिमीटर रुंदीची फिल्म आणली, १९२३ साली कोडॅकने सोळा मिलिमीटरची आणि १९३२ साली आठ मिलिमीटरची. त्यांतील महत्त्वाची सुधारणा ही, की या फिल्म सहजी पेट न घेणाऱ्या पदार्थाच्या होत्या. नायट्रेटची जुनी फिल्म घरात ठेवणे म्हणजे दारूगोळा ठेवण्यासारखेच होते. १९६५ साली सुपर एट आली. तिचे रीळ डबीत बंद असल्याने ते अंधारात बसविण्याचा त्रास गेला. पण ती डबी चालावयाची ३ मिनिटे २० सेकंद. शिवाय तिच्यात आरंभी आवाज नव्हता. संस्थानिक, सरदार, बडे डॉक्टर यांच्यापलीकडे आपल्याकडे ही चैन फारशी पोहोचली नाही. ज्यांच्याकडे होती त्यांनीही ती फार जपून वापरली. सव्वातीन मिनिटांत मुंज बसवावयाची म्हणजे बटूच्या मांडीवरची भिक्षावळ आणि मातृभोजनातला एक घास, एवढेच.

व्हिडिओने हे चित्र पालटले. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हीसीआर आले आणि लग्नांत खांद्यावर कॅमेरा व हातात प्रखर दिवा घेतलेले छायाचित्रकार दिसू लागले. १९८३ साली सोनीने कॅमेरा व मुद्रणयंत्र एकाच पेटीत घातले, १९८५ साली आठ मिलिमीटरच्या छोट्या कॅसेटचा कॅमेरा आणला. परदेशस्थ भाचे-पुतणे सुटीवर येताना असे कॅमेरे आणीत आणि जाताना परत नेत. १९९५ साली डिजिटल व्हिडिओची चिमुकली कॅसेट आली आणि घरगुती चित्रणाचा दर्जा एकदम उंचावला. त्याच वर्षी आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ हा व्हिडिओवर चित्रित झालेला अनुबोधपट पुरा झाला. धरणाखाली जाणाऱ्या खोऱ्याची नोंद हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यानेही करता येते, हे त्यातून दिसून आले. आपल्या भागात त्यानंतर नऊ वर्षांनी, २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर, इंदिरा सागर जलाशयासाठी हरसूद हे सबंध गाव रिकामे झाले. आपल्या हाताने घरे पाडून निघालेल्या त्या माणसांपैकी कोणाच्या घरात लग्नाची एखादी कॅसेट असेल, तर त्या गावची गल्ली आता तेवढ्यातच पाहावयास मिळणार.

कॅसेटचे दोष सर्वांच्या परिचयाचे होते. ती साठ मिनिटांत संपे, आणि नेमकी अक्षता पडताना संपे. मधला एखादा प्रसंग पाहावयाचा तर पुढे-मागे फिरवीत बसावे लागे. पावसाळ्यात फितीवर बुरशी धरे. एका चित्रणावर दुसरे चित्रण होण्याचा धोका असे. एका घरात साखरपुड्याच्या उत्तरार्धात क्रिकेटचा सामना सुरू होतो, ही कथा आपल्या वाचकांपैकी अनेकांना आपल्याच घरची वाटेल. संगणकावर घ्यावयाचे तर तासाभराच्या चित्रणास तासभरच लागे.

हार्ड डिस्कच्या कॅमेऱ्याने या एकेका दोषावर उतारा दिला. जेव्हीसीने २००४ साली चिमुकल्या डिस्कचे पहिले घरगुती कॅमेरे आणले. चित्राचा दर्जा तेव्हा जुनाच होता. २००६ साली सोनी व पॅनासॉनिक यांनी मिळून एव्हीसीएचडी ही साठवणुकीची नवी पद्धत जाहीर केली आणि त्याच वर्षी सोनीचा ३० गिगाबाइट डिस्कचा हाय डेफिनिशन कॅमेरा आला. २००७ साली जेव्हीसीचा ६० गिगाबाइटचा व कॅननचा ४० गिगाबाइटचा आला. २००८ साली १२० गिगाबाइटपर्यंत मजल गेली.

‘हाय डेफिनिशन’ म्हणजे काय, हे आकड्यांत सांगणे सोपे आहे. आपल्याकडील जुन्या दूरचित्रवाणी पद्धतीत डिजिटल चित्र ७२० आडव्या व ५७६ उभ्या बिंदूंचे, म्हणजे एकंदर ४,१४,७२० बिंदूंचे असे. नव्या पद्धतीत ते १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदूंचे झाले. बरोबर पाचपट. आत्याबाईंच्या नऊवारीच्या काठावरील वीण, नावेच्या फळीवरील खिळे आणि मागे सिद्धनाथाच्या शिखरावरील लहान शिखरांच्या ओळी, हे सारे एकाच चित्रात स्पष्ट उमटू शकत होते. एवढी माहिती डिस्कवर मावावी म्हणून ती अत्यंत घट्ट आवळली जाई. एका क्षणाच्या चित्रात व पुढच्या क्षणाच्या चित्रात जे बदलले नाही ते पुन्हा न लिहिता केवळ बदललेले तेवढे लिहावयाचे, असे त्या पद्धतीचे सूत्र होते. त्यामुळे ६० गिगाबाइटमध्ये उत्तम दर्जाचे सात-आठ तासांचे चित्रण बसे. नेमावरच्या सहलीत पुतण्याला एकदाही थांबावे लागले नाही, ते यामुळे.

नावेत बसून केलेले ते चित्रण फारसे हलत नाही, याचेही कारण यंत्रातच होते. हात किती थरथरतो हे ओळखून काही कॅमेऱ्यांत भिंगाचा एक भाग उलट दिशेने सरकविला जाई. चित्रण झालेले तुकडे पडद्यावर चौकटींच्या रूपाने मांडलेले दिसत. बोट ठेवावे आणि तो प्रसंग पाहावा. नको असलेला तुकडा एका क्षणात पुसता येई. काही कॅमेऱ्यांत चहूबाजूंचा आवाज वेगवेगळा टिपण्याची सोय होती. हे सारे पुष्कळच होते, आणि त्याबद्दल त्या अभियंत्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

मात्र या यंत्राच्या पोटात एक फिरते चाक होते. त्या छोट्या तबकडीला मिनिटाला काही हजार फेरे पडत आणि तिच्या पृष्ठावर, केसाच्या जाडीच्या कित्येक पटींनी कमी अंतरावर, हवेच्या पातळ थरावर तरंगत एक टोक लिहीत वा वाचीत असे. ते टोक तबकडीला टेकले की लिहिलेले खरवडले जाणार. म्हणून कॅमेऱ्यात पडझडीची चाहूल घेणारा संवेदक बसविला होता. हातून कॅमेरा सुटताच तो क्षणभर भारहीन होतो. ते ओळखून जमिनीवर आदळण्यापूर्वीच टोक सुरक्षित जागी नेले जाई. विरळ हवेत तरंगणे कठीण, म्हणून काही कंपन्या सुमारे ३००० मीटरहून अधिक उंचीवर चित्रण न करण्याची सूचना देत. केदारनाथ ३५८३ मीटरवर आहे. म्हणजे त्या कॅमेऱ्यासह केदारनाथाला गेलेल्या यात्रेकरूने सूचना वाचली असती, तर त्याला देवळापुढे कॅमेरा बंदच ठेवावा लागला असता. नेमावरला हा प्रश्न नव्हता. तेथे धोका निराळाच होता आणि तो उंचीचा नव्हता.

तो धोका समजण्यासाठी कॅसेट आठवावी. कॅसेट कशीही असो, ती भरली की कॅमेऱ्याबाहेर येई. तिच्या पाठीवर चिठ्ठी चिकटविली जाई आणि वडीलधारे कोणीतरी त्यावर शाईने लिही : ‘चि. … ची मुंज, देवास, वैशाख शुद्ध …’. चित्रण ही हाती धरता येणारी, नाव असलेली वस्तू होती. कॅमेरा बिघडला तरी ती कपाटात राही. हार्ड डिस्कच्या कॅमेऱ्यात चित्रण बाहेर येतच नसे. ते यंत्राच्या पोटातच राही, आणि त्याला नाव म्हणून एक पाच आकडी अंक मिळे. मुंजही अंक आणि आत्याबाईही अंक. डिस्क भरली की दोनच मार्ग : दुसरीकडे नक्कल करावयाची किंवा पुसावयाचे. त्या वर्षांतील घरच्या संगणकांना हाय डेफिनिशनची आवळलेली चित्रे उलगडता उलगडता धाप लागे. बहुतेक घरांतील दूरदर्शन संचही जुन्या काचेच्या नळीचे होते, त्यामुळे पाचपट बारकाई त्यांवर दिसतही नसे. परिणामी नक्कल करण्याचे काम ‘पुढच्या सुटीत’ यावर जाऊन थांबे.

आमच्याकडे तेच झाले. त्या सहलीतील सुमारे चाळीस मिनिटांचा भाग पुण्याच्या बहिणीसाठी डीव्हीडीवर उतरविला गेला. डीव्हीडीचे चित्र जुन्याच दर्जाचे. म्हणजे पाच बिंदूंपैकी चार तेथेच गळाले. बाकीचे सारे कॅमेऱ्यातच राहिले. पुढे पुतण्याने मोबाइलवर चित्रण सुरू केले आणि कॅमेरा खणात गेला. २०१२ साली आत्याबाई वारल्या. त्यांच्या वर्षश्राद्धाला ते चित्रण सर्वांनी मिळून पाहावे असे ठरले, तेव्हा कॅमेरा काढला. बॅटरी मेलेली होती, भारक शोधून आणला, पडद्यावर उजेड आला, आतून तीन वेळा टक्-टक् असा आवाज झाला आणि डिस्क वाचता येत नसल्याची सूचना उमटली. एका दुरुस्तीच्या दुकानात दाखविली. तबकडीचा पृष्ठभागच खरवडला गेला असल्याचे कळले. कॅमेरा कधी पडला, आणि पडला की नाही, हे घरात कोणालाच सांगता आले नाही.

उरली ती डीव्हीडी. तिच्यात आत्याबाई नावेत बसतात, होळकरांच्या कचेरीपर्यंत येतात, हरद्याची गाडी, हंडियाचा घाट, कलंडलेली नाव, नावाड्याची बुडी. आणि मग त्या म्हणतात, “पेटी तर वर आली, पण आत पाहतात तो…” येथे डीव्हीडी संपते. उतरविणाऱ्याने पहिले काही तुकडे घेतले होते. पुढचा तुकडा पुढच्या अंकाचा होता.

यावर वाचक म्हणतील, की त्या वेळी नावेत दहा माणसे होती, त्यांना शेवट आठवत असेल. आम्हीही असेच समजत होतो. विचारले तेव्हा उमजले, की ‘चित्रण होत आहे’ या भरवशावर कोणी नीट ऐकलेच नव्हते. मुले पाण्यात हात घालीत होती, मोठी माणसे फुलांच्या द्रोणांकडे पाहत होती. पुतणा तर पडद्यात पाहत होता; चित्र नीट चौकटीत बसते की नाही, याकडे त्याचे लक्ष. आत्याबाईंचे ‘खाली ठेव आणि ऐक’ हे शब्द आज त्या डीव्हीडीत ऐकू येतात तेव्हा आम्हां सर्वांना खाली पाहावे लागते.

या शेवटाचे एवढे महत्त्व काय, तेही सांगितले पाहिजे. आमच्या घरी सात पिढ्यांची एक वंशावळ आहे. तिचे एक वैशिष्ट्य आम्हांला लहानपणापासून कोड्यात टाकीत आले : आरंभापासून अखेरपर्यंत ती एकाच हाताची व एकाच शाईची आहे. पिढ्यान् पिढ्या भर पडत गेलेल्या वंशावळीत असे होत नाही. हस्ताक्षरे बदलतात, शाई बदलते, समासात मागाहून घातलेली नावे दिसतात. ही कोण्या जुन्या बाडाची नक्कल असावी, की एका बैठकीत आठवणीने लिहिलेली यादी? नक्कल असेल तर तिचे प्रामाण्य निराळे आणि आठवण असेल तर निराळे. आत्याबाईंच्या वाक्याचा उत्तरार्ध हाती असता तर या प्रश्नाचे उत्तर मिळाले असते, किंवा निदान एक साक्ष नोंदली गेली असती.

याशिवाय आणखी एक गोष्ट त्या डिस्कबरोबर गेली. आत्याबाईंची मराठी. तिच्यात कचेरीतील फारशी शब्द होते, माळवीचा हेल होता, हिंदीची वळणे होती आणि तरी ती मराठीच होती. पुण्याला गेल्यावर आपल्या बोलण्याला लोक हसतात, म्हणून आपल्या पुढच्या पिढ्यांनी ती हळूहळू टाकली. ती कोणी लिहून ठेवली नाही, कारण लिहिताना आपण सारेच ग्रांथिक लिहितो. हा लेखही तसाच आहे. ती बोली जिवंत उरली असेल तर २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत घराघरांत झालेल्या अशा चित्रणांतच. त्या वेळी आपण चित्राच्या बारकाईवर खूष होतो. आज त्यातील आवाजाची किंमत कळते.

इतिहासाच्या अभ्यासकांना हा प्रकार नवा नाही. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तो ज्या दप्तरांतून, त्यांतील पुष्कळ कागद उरले ते नकला झाल्यामुळे. दरबारात आलेल्या पत्राची नक्कल ठेवणे हा कारकुनाच्या रोजच्या कामाचा भाग होता. मूळ जळाले तरी नक्कल दुसऱ्या गावी सापडे. चलच्चित्रांना अशी शिस्त लाभली नाही. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी दोनच आज पाहावयास मिळतात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली. तोपर्यंत मूकपटांच्या काळातील बहुतेक ठेवा नाहीसा झाला होता. पुढे २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत तेथील नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. ज्या कलेचा पाया मराठी माणसाने घातला तिची ही अवस्था, तर आपल्या खालच्या खणाची काय कथा?

तेव्हा ज्यांच्या घरी असा कॅमेरा अजून आहे, त्यांच्यासाठी अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी नमूद करतो. कॅमेरा हलवून, आपटून ‘जागा’ करण्याचा प्रयत्न करू नये. त्याचाच भारक जोडून, तो सपाट जागी ठेवून, संगणकास जोडावा आणि आतील सर्व कप्पे जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. सुटे तुकडे निवडत बसू नये, कारण तारीख-वेळ व अनुक्रम यांची माहिती निराळ्या कप्प्यांत असते. उतरविलेल्याच्या दोन नकला कराव्यात व दुसरी दुसऱ्या गावी ठेवावी. घरी लिहिलेल्या डीव्हीडीवर विसंबू नये. तिच्यातील रंगाचा थर काळाने फिका पडतो. आणि आतून टक्-टक् असा आवाज आला तर कॅमेरा लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावा. पुन्हा पुन्हा चालू करण्यात उरलेलेही जाते.

हे झाले यंत्राचे. त्याहून महत्त्वाचे काम कागदाचे आहे. त्या पाच आकडी अंकांपुढे नावे लिहावयास हवीत : हे कोण, हे गाव कोणते, ही आजी कोणाची कोण, पाठीमागून ऐकू येणारा खोकला कोणाचा. ही नावे सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. चित्रण पाहताना त्यांना शेजारी बसवावे आणि त्यांच्या तोंडून ऐकून वहीत उतरवावे. कॅसेटच्या पाठीवरील चिठ्ठीचे काम आता या वहीने करावयाचे आहे.

आम्ही ती वही सुरू केली तेव्हा आत्याबाईंच्या धाकट्या भगिनी हयात होत्या. त्यांना डीव्हीडी दाखविली. थोरलीचा चेहरा पडद्यावर दिसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला, वाक्य जेथे तुटते तेथे मात्र त्या लगेच म्हणाल्या, “आत देव तेवढे होते रे, कागदांचा लगदा झाला होता. आजोबांनी त्याच रात्री धर्मशाळेत बसून आठवतील तेवढी नावं लिहून काढली, असं आई सांगायची.” वंशावळीच्या एकाच शाईचे कोडे सुटल्यासारखे वाटले. पण पुढच्याच वाक्यात त्यांनी सांगितले, की हे हंडियाच्या घाटावर घडले नाही, ओंकारेश्वराला घडले. आणि बुडी नावाड्याने नव्हे, आजोबांनी स्वतः मारली.

दोन सख्ख्या बहिणी, एकच आई, आणि हकीकती दोन. थोरलीची साक्ष पूर्ण असती तर दोन्ही शेजारी ठेवून तोलता आल्या असत्या. आता वहीत एक अर्धी व एक पुरी अशा नोंदी आहेत. पहिलीखाली ‘डीव्हीडीवरून, नेमावर, कार्तिक २००८, अपूर्ण’ असे लिहिले आहे आणि दुसरीखाली सांगणाऱ्या आजींचे नाव, तारीख व ऐकणाऱ्या तिघांच्या सह्या आहेत. त्या दिवशीचे बोलणे मोबाइलवरही घेतले आणि त्याच रात्री त्याच्या दोन नकला केल्या.